खिडकीएवढा पडदा

सन दोन हजार सतरा. मोबाइलवरचं इंटरनेट एकाएकी पाण्याच्या भावानं मिळायला लागलं आणि रिक्षावाल्यांपासून देवळातल्या गुरुजींपर्यंत जो तो हातातल्या काचेकडे बघून स्वतःशीच हसायला लागला, ते साल. त्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात मंदाकिनी बद्रीनाथच्या दुकानात एका भल्यामोठ्या टीव्हीसमोर उभी होती. तिच्यामागे स्टुलावर तिचे यजमान यज्ञेश्वर बसले होते आणि दुकानाची सकाळची वेळ संपत आली होती.

"वहिनी, घ्यायचंय की नुसतंच बघायचंय?" शटर ओढायचा गज हातात घेत बद्रीनाथनं विचारलं. "बघायचं असेल तर चारनंतर या. एक वाजता मी जेवायला जातो."

"एकला जाऊन चारला परत येता," यज्ञेश्वर म्हणाले, "म्हणजे रोज लग्नाच्याच पंगतीला जात असणार."

बद्रीनाथनं गज खाली ठेवला. गिऱ्हाईक शनिवार पेठेतलंच आहे, उगाच वाकड्यात शिरण्यात अर्थ नाही, एवढं त्याला कळलं.

त्या दोघांबरोबर दीपमालाही होती. ती मूळची अकोल्याची, नोकरी हिंजवडीला. मंदाकिनीच्या आतल्या खोलीत ती पेइंग गेस्ट म्हणून राहायची. कंपनीची बस तिला सकाळी घेऊन जाई आणि रस्त्यावरच्या गर्दीच्या मर्जीनं संध्याकाळी कधीतरी आणून सोडी. घरातलं इंटरनेट तिच्याच कामासाठी आलेलं. आज तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, कारण गेला महिनाभर घरात दुसरा विषयच नव्हता. टीव्ही हुशार असला की त्यातच सगळं येतं, टीव्ही साधा असला तर त्याच्या पाठीत एक काडी खोचावी लागते, काडी नको असेल तर छोटा डबा मिळतो, आणि काही झालं तरी इंटरनेटचं यंत्र जवळ हवं, हे सगळं तिनं मंदाकिनीला पोळ्या लाटता लाटता समजावलं होतं. मंदाकिनीनं ते इतकं मनावर घेतलं की भाजीवालीलासुद्धा तिनं काडी बरी की डबा, असं विचारून पाहिलं. नाशिकहून लेकीचा, नम्रताचा, रोज फोन. तिचं म्हणणं एकच : बाबांच्या डोळ्यांचं असं झालंय, तेव्हा मिळेल तेवढा मोठा घ्या.

डोळ्यांचं झालं होतं ते असं. यज्ञेश्वरांना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. गेलं ते परत येणार नाही आणि आहे ते किती टिकेल हे सांगता येत नाही, असं डॉक्टर श्रावणात म्हणाले होते. यज्ञेश्वर घरी येऊन नेहमीसारखे जेवले, हात धुतले आणि वर्तमानपत्र घेऊन बसले. मंदाकिनी मात्र स्वयंपाकघरात उभी राहून विचार करत राहिली. हा माणूस आणखी काय बघायचा राहिलाय? काशी त्याला नको होती. लेकीचं घर बघून झालं होतं. आणि मग तिला एकदम आठवलं. पहिले अर्ध राहिलेत.

ते सांगायचं तर बद्रीनाथचं दुकान ज्या जागेवर आहे, तिथूनच सुरुवात करावी लागेल. तिथं पूर्वी चंद्रविलास टॉकीज होतं. आता चार मजली इमारत आहे, खाली दुकानं आणि वर क्लास. पण मंदाकिनीनं दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या डावीकडच्या खांबाकडे बघितलं होतं आणि मनाशी म्हटलं होतं, पंख्यांची खोकी ठेवलीत ना, तिथं माझी खिडकी.

त्या खिडकीत तिनं सव्वीस वर्षं तिकिटं विकली. लाकडी फळीला पाडलेलं एक अर्धगोल भोक, एवढीच ती खिडकी. त्यातून माणूस दिसायचा नाही, फक्त हात दिसायचे. नखं रंगवलेले, पीठ लागलेले, नवरीच्या मेंदीचे, शाळा बुडवून आलेले. सिनेमा सुरू झाला तरी उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी उघडी ठेवावी लागे. मग उरलेली तिकिटं मोजा, मॅनेजरसाहेबांची सही घ्या, कुलूप लावा. हे सगळं आटपेपर्यंत मध्यंतर. तिकडे यज्ञेश्वर खडकीच्या कारखान्यातली पाळी संपवून सायकलवरून थेट टॉकीजवर येत, पण बायकोला सोडून आत जाऊन बसणं त्यांना पटत नसे. ते बाजूच्या दाराशी डोअरकीपर कोंडीरामबरोबर गप्पा मारत उभे राहत. मध्यंतर झालं की कोंडीराम आतले दिवे लावी, आणि त्या लख्ख उजेडात गर्दीतून वाट काढत येणाऱ्या मंदाकिनीला बघून यज्ञेश्वर दर वेळी एकच विचारीत, "आलीस?"

"आले," ती म्हणे.

मग शेवटच्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या. त्या कोंडीराम राखून ठेवी. अशा तऱ्हेनं या नवराबायकोनं उभ्या जन्मात शेकडो सिनेमे पाहिले, पण सगळे दुसरे अर्ध. पडद्यावर कोणीतरी रडत असे, कोणीतरी कोणावर रागावलेलं असे, आणि ते का, याचा या दोघांना पत्ता नसे. कोंडीरामला विचारावं तर तो म्हणे, "आमी दाराकडं बघतो वहिनी, पडद्याकडं न्हाई." मग घरी चालत जाताना, सायकल मधे धरून, दोघं मिळून पहिला अर्ध रचत. नायिका माहेर सोडून का आली, म्हाताऱ्याचा पाय कसा मोडला, त्या दोन भावांचं कशावरून वाजलं. पुलावरून सुरू झालेली गोष्ट जिन्यापर्यंत पुरायची. नम्रता पोटात असताना तर मंदाकिनीला चालवत नसे, तेव्हा एकेक पहिला अर्ध फार लांबला.

एका सिनेमावर मात्र त्यांचं कधीच एकमत झालं नाही. मॅटिनीला लागलेला जुना कृष्णधवल सिनेमा होता तो. एका उजाड स्टेशनचा स्टेशनमास्तर. त्याच्या खोलीत खिळ्याला एक छत्री टांगलेली. हा गृहस्थ भर उन्हात बोडक्या डोक्यानं फिरतो, पण त्या छत्रीला हात लावत नाही आणि दुसऱ्यालाही लावू देत नाही. शेवटी एका अनोळखी पोरीला तो ती देऊन टाकतो, आणि सिनेमा संपतो. छत्री कोणाची? यज्ञेश्वर म्हणत, त्याच्या मेलेल्या बहिणीची. मंदाकिनी म्हणे, कोणीतरी उतारू विसरून गेली असणार. तीस-पस्तीस वर्षं हा वाद घरात होता. भांडण मिटवायचं नसलं की दोघांपैकी कोणीतरी छत्रीचा विषय काढी.

टॉकीज बंद पडलं. आधी केबल आली, मग मोठ्या काचेच्या इमारतींतली थेटरं आली, आणि चंद्रविलासच्या खुर्च्या एका टेम्पोत भरून गेल्या. मंदाकिनी पाळणाघरात नोकरीला लागली. पण त्या श्रावणात दीपमालानं आपल्या मोबाइलवर सहज चाळता चाळता त्या कृष्णधवल सिनेमाचं नाव घालून दाखवलं आणि तो अख्खा सिनेमा, पहिल्या अर्धासकट, समोर आला, तेव्हा मंदाकिनीच्या हातातली परात खाली पडली. तिनं दीपमालाला तो तिथल्या तिथं बंद करायला लावला. बघायचा तर दोघांनी, शेजारी बसून, मोठ्या पडद्यावर. आणि लवकर.

"मग हा घ्या," बद्रीनाथ टीव्हीवर हात ठेवून म्हणाला. "याच्याहून मोठा दारातून आत जायचा नाही."

"काका, प्रोजेक्टर आहे का?" दीपमालानं विचारलं.

बद्रीनाथनं त्यांना मागच्या गोदामात नेलं, दिवा घालवला आणि एक डब्याएवढं यंत्र सुरू केलं. समोरच्या भिंतीवर, खोक्यांच्या वर, एकदम एक समुद्र उसळला. त्या झोतात धूळ तरंगत होती. मंदाकिनीनं ती धूळ बघितली. टॉकीजमध्ये अगदी अशीच धूळ असायची.

"हेच," ती म्हणाली. "आणि ती काडी."

"नीट विचार करा. टीव्ही दिवसासुद्धा दिसतो."

"मला अंधारातलंच हवंय."

बद्रीनाथ त्या दिवशी दीड वाजता जेवायला गेला. पेठेत ही बातमी बरेच दिवस पुरली.

संध्याकाळी घरात नुसती लगीनघाई. पुढची खोली लांबट, आगगाडीच्या डब्यासारखी. तिच्या टोकाच्या भिंतीवरून कॅलेंडर उतरवलं, खिळा उपटला, भोकात टूथपेस्ट भरली. खिडक्यांना चादरी लावल्या. दीपमालानं काडी खोचली, वायफायचा पासवर्ड घातला, प्रोजेक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटावर ठेवला. मंदाकिनीनं शेंगदाणे भाजले, पुड्या बांधल्या, आणि इस्त्रीची साडी नेसली. यज्ञेश्वर म्हणाले, "तिकीट काढावं लागेल की पास आहे?" पण दाढी त्यांनीही केली होती.

दिवे गेले आणि अख्ख्या भिंतीवर ते उजाड स्टेशन उभं राहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मंदाकिनीनं नवऱ्याचा हात धरला. स्टेशनमास्तर तरुण होता. केवढा तरुण. त्याला असा कधी पाहिलाच नव्हता. मग एक शाळामास्तरीण आली, रोज सकाळच्या गाडीनं यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं जायची. आणि थोड्याच वेळात तिच्या हातात ती छत्री दिसली.

"छत्री," मंदाकिनी कुजबुजली. "बघितलीत?"

"बघतोय की."

पुढं एका प्रसंगात ती बाई डावीकडून फलाटावर आली, आजूबाजूला कोणी नाही असं बघितलं, पाण्याच्या टाकीच्या नळाला ती छत्री अडकवली आणि गाडीत बसून निघून गेली. एक शब्द नाही. मंदाकिनीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं शेजारी बघितलं. यज्ञेश्वर समोर बघत होते, अगदी सरळ, भिंतीच्या मधोमध, जिथं नुसते रूळ होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नव्हतं.

"कुठं ठेवली हो तिनं?" तिनं हळूच विचारलं.

"काय?"

"छत्री."

"बाकावर," ते म्हणाले.

मंदाकिनीनं दीपमालाला सिनेमा थांबवायला सांगितलं. दिवा लावला. खोलीत शेंगदाण्यांचा वास होता.

"मला खोटं कशाला सांगता?" ती म्हणाली.

"तू एवढी साडीबिडी नेसलीस," यज्ञेश्वर म्हणाले. "म्हटलं, आवाज तर येतोय."

दीपमाला उठून आत जायला निघाली, तर मंदाकिनीनं तिला खुणेनं बसवलं. मग खुर्ची ओढून ती नवऱ्याच्या अगदी समोर बसली आणि तिनं विचारलं, नेमकं किती दिसतं? इतक्या दिवसांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं होतं, लेकीशी बोलली होती. ज्याचे डोळे, त्यालाच विचारायचं राहून गेलं होतं.

यज्ञेश्वरांनी जरा विचार केला. "मधलं स्वच्छ दिसतं," ते म्हणाले. "कडेचं नाही. तुझ्या खिडकीएवढं दिसतं."

मंदाकिनी त्यांच्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षं ज्या भोकातून तिनं जग पाहिलं, त्या भोकातून आता ते बघत होते. हात दिसला तर माणूस नाही, माणूस दिसला तर दार नाही. आणि आपण त्यांच्यापुढं अख्खी भिंत उभी केली. मोठं घ्या, मोठं घ्या, सगळेच म्हणाले, आणि इतकी वर्षं त्या खिडकीमागं बसूनसुद्धा आपणही तेच म्हणालो.

ती उठली. कपाटावरून प्रोजेक्टर उतरवला, टीपॉयवर ठेवला आणि टीपॉय भिंतीकडे ढकलायला लागली. वायर ताणली गेली. दीपमाला धावली.

"काकू, काहून लहान करता? एवढं मोठं घेतलं न्."

"मोठं घेतलं म्हणूनच लहान करता येतंय. टीव्ही घेतला असता तर काय कापणार होतो?"

टीपॉय पुढं सरकला तसं भिंतीवरचं स्टेशन आकसत गेलं. दीपमालानं चित्र स्वच्छ केलं. मंदाकिनीनं नवऱ्याची खुर्ची उचलून पार मागं, स्वयंपाकघराच्या दाराला टेकवली आणि त्यांना तिथं नेऊन बसवलं.

"आता?"

"बाई दिसते. टाकी अर्धी."

टीपॉय आणखी पुढं. "आता?"

"अजून जरा."

आता ते चित्र एखाद्या पाटीपेक्षा थोडंच मोठं राहिलं होतं. एवढ्या लांबट खोलीच्या टोकाला, पांढऱ्या भिंतीवर, एक उजळ चौकोन. यज्ञेश्वर खुर्चीत पुढं झाले. मग हळूहळू मागं टेकले.

"थांब," ते म्हणाले. "चारी कोपरे आले."

सिनेमा पहिल्यापासून लावला. मंदाकिनी दुसरी खुर्ची घेऊन त्यांच्या शेजारी बसली, दीपमाला ओट्यावर चढून बसली. आणि या खेपेला यज्ञेश्वर गप्प बसेनात. स्टेशनमास्तराच्या मिशा काय, फलाटावरचं ते कुत्रं काय, मागच्या डोंगरावरची वाट काय. सगळं त्यांना दिसत होतं आणि सगळं ते बोलून दाखवत होते, टॉकीजमध्ये कोंडीरामनं हाकलून दिलं असतं इतक्या मोठ्यानं. मग तो प्रसंग आला. त्या बाईला रोज उन्हात शाळेपर्यंत चालत जाताना बघून स्टेशनमास्तर कोनाड्यातून एक छत्री काढतो आणि न बोलता तिच्यापुढं धरतो. मघाशी हा प्रसंग भिंतभर होऊन गेला होता, आणि मंदाकिनी पडद्याकडे कमी, नवऱ्याच्या हाताकडेच जास्त बघत होती.

यज्ञेश्वर खुर्चीतून अर्धे उठले.

"अगं, त्याचीच. छत्री त्याचीच होती."

"बसा हो."

"आपण तीस वर्षं भांडतोय. बहिणीची नाही, उतारूची नाही. त्याची स्वतःची. त्यानं दिली होती आणि तिनं जाताना परत केली." ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "हे आपल्या दोघांनाही सुचलं नाही. म्हणजे कमाल आहे."

"मला सुचलं असतं," मंदाकिनी म्हणाली, "पण तुम्ही बहिणीला मधे आणलंत."

मग छत्री नळाला अडकली, गाडी गेली, आणि त्या पाटीएवढ्या चौकोनात अक्षरं आली : मध्यंतर. यज्ञेश्वर उठले, नेहमीच्या पावलांनी बटणापर्यंत गेले आणि त्यांनी दिवा लावला. उजेडात त्यांनी वळून बघितलं. मंदाकिनीला आधी कळेना की ते काय शोधतायत. मग त्यांच्या खिडकीत ती आली.

"आलीस?" ते म्हणाले.

"आले," ती म्हणाली.

दीपमाला म्हणाली, "आन् पुढचं? पुढचं नाही बघायचं?"

"पुढचं पाठ आहे," दोघं एकदम म्हणाली, आणि मंदाकिनी पानं वाढायला उठली.

तो सगळा हिवाळा त्या घरात पहिल्या अर्धांचा होता. दिवेलागण झाली की चादरी लागत. कधी खरा पहिला अर्ध त्यांनी रचलेल्यापेक्षा सरस निघे, पण बहुतेक वेळा नाही. "या लोकांनी आपल्याला विचारायला पाहिजे होतं," असं यज्ञेश्वर म्हणत. एकदा मुळशीकडच्या गावाहून कोंडीराम आला, हातात तांदळाची पिशवी घेऊन. त्याला खुर्ची दिली तरी तो दाराशीच उभा राहिला. बसून बघायची सवय न्हाई, म्हणाला. पण त्या रात्री मात्र तो दाराकडं पाठ करून पडद्याकडं बघत होता.

कोंडीराम त्यानंतर दोन वर्षांनी गेला. त्याच्या नातवानं फोन केला तेव्हा बाराव्याचं जेवणही झालं होतं. बद्रीनाथचं दुकान महामारीनंतर पुन्हा उघडलंच नाही. लोक त्याच्याकडे येऊन वस्तू बघायचे आणि मागवायचे मोबाइलवरून, आणि हे तो ज्याला त्याला जेवणाची वेळ चुकवून सांगत बसायचा. हल्ली तिथं चष्म्याचं दुकान आहे. दीपमालाचं लग्न झालं, हिंजवडीतच उंच इमारतीत घर घेतलं, भिंतभर टीव्ही घेतला. ती फोनवर सांगते की सिनेमा लावला की अर्ध्यात झोप येते, त्यामुळे तिचेही आता पहिलेच अर्ध होतात. नम्रता नाशिकला आहे, दिवाळीला येते, आणि एवढा चांगला प्रोजेक्टर भिंतीला चिकटवून का ठेवलाय, असं दर वर्षी न चुकता विचारते.

यज्ञेश्वरांची खिडकी हळूहळू लहान होत गेली. टीपॉय आणखी पुढं सरकत गेला, इतका की शेवटी चित्र धूसर व्हायला लागलं. एके दिवशी ते म्हणाले की आता राहू दे, आणि त्यांनी चादरी स्वतःच काढून त्यांच्या घड्या घातल्या. त्या संध्याकाळी दोघं लवकर जेवली.

दुसऱ्या दिवशी मंदाकिनीनं चादरी परत लावल्या.

अजून लावते. खोलीत अंधार करते, टोकाच्या भिंतीवर तो चौकोन उजळतो, आणि ती यज्ञेश्वरांच्या शेजारी बसून त्यांना सांगत जाते, कोण आलं, कोण कुठं उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे. ते मधे मधे दुरुस्ती करतात. भिंतीवर मध्यंतर अशी अक्षरं आली की ती थांबते. मग यज्ञेश्वर उठतात, भिंतीवरून हात फिरवत बटणापर्यंत जातात आणि दिवा लावतात. लख्ख उजेड पडतो. ते तिच्याकडे, जराशी चुकलेल्या दिशेला, तोंड करून उभे राहतात.

"आलीस?" ते विचारतात.